यायका, म्लेको आणि सान्दोमिएश

स्पेलिंग बघून गावाचं नाव वाचायला जाऊ नका, फसाल. मी कोल्हापुरातनं निघाल्यापासनं "सँडोमिअर्झ, सँडोमिअर्झ" करत होतो, क्राकोवच्या बसस्टँडवर खिडकीतल्या बाईला तेच तीनदा ऐकवलं, तिला काही कळेना, शेवटी मागून भाच्यानं "सान्दोमिएश" म्हणलं आणि तिकिटं बाहेर आली. शेवटच्या आर आणि झेडचा मिळून 'श' होतो म्हणे. आई म्हणाली, "मग एवढी अक्षरं खर्ची घालायची कशाला." आई रिटायर्ड मास्तरीण आहे, तिला शुद्धलेखनाचं सहन होत नाही.

तर आम्ही तिघं. मी, आई (वय ७०, गुडघ्यांचं वय त्याहून जास्त) आणि बहिणीचा पोरगा, जो दोन वर्षं झाली क्राकोवला आयटीत आहे. तो बोलवतोय बोलवतोय आणि मी रजेचं कारण सांगतोय असं चाललेलं, पण आईला मात्र पोलंडला जायचंच होतं, आणि त्याचं कारण अंडी. थांबा, सांगतो.

आईचं आजोळ वळिवडे. कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो, कोल्हापूरच्या पूर्वेला अगदी जवळ, पंचगंगेकडचं गाव. १९४३ ते १९४८ तिथं पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता, जवळजवळ ५ हजार माणसं, त्यात बायका आणि पोरंच जास्त. १९४० मध्ये रशियानं पूर्व पोलंडातनं घरंच्या घरं उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलेली, मग १९४१ ला हिटलर रशियावरच उलटला तेव्हा ह्यांची सुटका झाली, तिथनं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराण, इराणातनं कराची, आणि फिरत फिरत आपल्या वळिवड्यात. कॅम्पात शाळा, चर्च, दवाखाना, पोस्ट, नाटकाचं थिएटर सगळं होतं. म्हणजे उसाच्या पट्ट्यात एक छोटं पोलिश गावच वसलेलं की.

वळिवड्याची आज्जी (आईची आई) तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिची आई कॅम्पात अंडी आणि दूध विकायला जायची आणि आज्जी बुट्टी घेऊन तिच्या मागं. त्यात आज्जीला दोन शब्द चिकटले ते शेवटपर्यंत सुटले नाहीत, दुधाला 'म्लेको' आणि अंड्याला 'यायका'. आमच्या घरात "यायका संपल्यात, घेऊन ये" हे इतकं रोजचं होतं की मी पाचवीत असताना मित्राच्या आईला "काकू, मला यायकाची पोळी चालते" असं सांगून बसलोय. आम्हाला वाटायचं आज्जीचा काहीतरी लाडाचा शब्द. ती सांगायची "पोलंडवाल्यांचा हाय त्यो", पण आज्जी पोलंडवाल्यांविषयी इतकं काय काय सांगायची की त्यातलं खरं किती, कोण बघत बसतंय. मग भाचा क्राकोवला गेला आणि पहिल्याच आठवड्यात रात्री साडेअकराला त्याचा फोन, "मामा, इथं दुकानात अंड्यांना यायका म्हणतात!!" आज्जी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. आईनं फोन माझ्या हातातनं घेतला आणि त्याला तो शब्द परत परत म्हणायला लावला.

आता कुणी विचारेल की मग त्या लोकांच्या मूळ गावीच का नाही गेला. गंमत हीच आहे, की ज्या भागातनं ती माणसं उचलली तो भाग आज पोलंडात नाहीच, युद्धानंतर सीमा सरकल्या आणि ती गावं आता युक्रेन, बेलारूस, लिथुआनियात मोडतात. म्हणून तर कॅम्प बंद झाल्यावर बरेच जण पोलंडला परत न जाता इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले. त्यामुळं आम्ही सरळ भाच्याच्या सोयीनं, क्राकोवपासनं बसनं तीनेक तासांवरचं जुनं गाव, सान्दोमिएश, धरलं. विस्तुला नदीच्या काठी टेकड्यांवर वसलंय, लोकसंख्या २५ हजारांच्या आत, म्हणजे आपलं कागल त्याच्यापेक्षा मोठं. सात टेकड्या आहेत म्हणून त्याला 'छोटा रोम' म्हणतात. रोम मी बघितलेलं नाही त्यामुळं गप्प बसतो.

गावात शिरायचं ते वेशीतनं. खरीखुरी वेस, चौदाव्या शतकातली, विटांची, उंच, वर नंतरच्या काळातली नक्षीदार दगडी पट्टी. नाव ओपातूफ वेस, कारण रस्ता पुढं ओपातूफ नावाच्या गावाला जातो. हे मला लगेच कळलं, कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला वेशीचं समजावून सांगायला लागत नाही. फरक एवढाच की आपल्याकडं गंगावेस, रविवार वेस, वरुणतीर्थ वेस ह्या सगळ्या रिक्षावाल्याला सांगायच्या जागा आहेत, वेस बघायला गेलात तर समोर पान टपरी. त्यांच्याही बाकीच्या वेशी गेल्या, ही एक राहिली, आणि ती राहिली म्हणून अख्खं गाव तिच्यावर जगतंय. मी वर चढून आलो, लाल कौलं, मागं नदी, नदीपलीकडं सपाट रान. आई खाली बाकावर बसून सफरचंद खात होती. सप्टेंबरचा शेवट, आणि हा भाग सफरचंदांचा, त्यामुळं जिकडं तिकडं क्रेट लागलेले, आपल्याकडं सीझनला कलिंगडांचे ढीग लागतात तसे.

वेशीतनं आत आलं की चौक. चौक म्हणजे सरळ नाही, चांगला उतार आहे, दगडी फरसबंदी, मध्यभागी टाऊन हॉल, चारी बाजूंनी जुन्या व्यापाऱ्यांची रंगीत घरं. ह्या चौकात एका टीव्ही मालिकेचं शूटिंग वर्षानुवर्षं चालू आहे, त्यात एक पाद्री सायकलवरनं फिरत खुनाचा तपास लावतो. एवढ्याशा गावात इतके खून होत असतील तर खरं तर पर्यटक पळून जायला पाहिजेत, पण उलट त्यामुळंच येतात. आमच्या पुढं एक बस भरून बायका उतरल्या त्या फक्त त्या पाद्र्याच्या पोलीस स्टेशनपुढं फोटो काढायला.

पण खरी गंमत चौकाच्या वर नाही, खाली आहे. ह्याच्यासाठी मी सांगतोय सगळं.

हे गाव उभंय 'लोएस' नावाच्या मातीवर. वाऱ्यानं आणून साठवलेली बारीक पिवळसर माती, खणायला एकदम सोपी, आणि कोरडी असेल तर भिंतीसारखी उभी राहते. जुन्या काळी हे व्यापाराचं मोठं नाकं, नदीतनं धान्य खाली थेट ग्दान्स्क बंदराला जायचं, त्यामुळं इथल्या व्यापाऱ्यांकडं माल भरपूर आणि चौकातली जागा कमी. मग काय, ज्यानं त्यानं आपापल्या घराखाली खणायला सुरुवात केली. एक तळघर, त्याच्याखाली दुसरं, त्याच्याखाली तिसरं. व्यापार बसला तशी ती तळघरं लोक विसरले. आणि ह्या मातीचा दुसरा गुण असा की पाणी मुरलं की ती बसते. विसाव्या शतकात, १९६० च्या दशकात, चौकातली घरं तडकायला लागली, जमिनीला भगदाडं पडायला लागली. तेव्हा ह्यांनी काय केलं तर खाणकामगार बोलावले. कोळशाच्या खाणीत काम करणारी माणसं आणून, पोकळ्या भरून, भिंतींना आधार देऊन चक्क गाव खालनं वाचवलं. आणि त्यातलीच तीसेक तळघरं एकमेकांना जोडून सुमारे ४७० मीटरची वाट केली, १९७७ पासनं ती लोकांना बघायला उघडी आहे. सगळ्यात खोल जागा जमिनीखाली १२ मीटर.

आई येणार नाही असं मी धरून चाललेलो, पायऱ्या बऱ्याच. ती म्हणाली, "अंधारबावीत उतरलेय मी, ह्याचं काय एवढं." पन्हाळ्याच्या अंधारबावीत ती उतरली त्याला चाळीस वर्षं झाली असतील, पण बोलायची सोय नव्हती. गाईड पोलिशमध्ये सांगणार, भाचा आमच्या कानात कोल्हापुरीत. गारवा मात्र तोच, अंधारबावीतला, अंगावर येणारा. विटांच्या कमानी, मध्येच पिंपं मांडून ठेवलेली, बोळ कधी इतका अरुंद की पुढच्या काकांची सॅक माझ्या नाकाला.

तिथंच गाईडनं हलिनाची गोष्ट सांगितली. १२५९-६० च्या थंडीत मंगोल (हे लोक त्यांना तातार म्हणतात) गावावर चालून आले, गाव लुटलं, माणसं मारली. दंतकथा अशी की किल्लेदाराची पोरगी हलिना शत्रूच्या छावणीत गेली, सांगितलं की तुमच्या बाजूची आहे, गुप्त वाट दाखवते, आणि त्यांच्या तुकडीला ह्या भुयारांत फिरवत फिरवत आत नेलं. मागं गावकऱ्यांनी तोंड बुजवलं. शत्रू गाडला गेला, तीही गाडली गेली. भाच्यानं सांगणं संपवलं आणि मी आणि आई दोघांनी एकदमच म्हणलं, "शिवा काशीद." पन्हाळ्याचा वेढा १६६० चा, बरोबर चारशे वर्षांचं अंतर. शिवा काशीद खरा माणूस, पायथ्याला नेबापूर त्याचं गाव, महाराजांचा वेष घालून पालखीत बसला आणि मेला. हलिना झाली की नाही कुणाला ठाऊक, पण आपण मरणार हे माहीत असून शत्रूला चकवायला जाणारं माणूस वेढ्याच्या प्रत्येक गोष्टीत कुणीतरी लागतंच बहुतेक. भाच्यानं शिवा काशीदची गोष्ट गाईडला थोडक्यात सांगितली. गाईड "हो का" अशा अर्थाचं काहीतरी बोलून पुढच्या खोलीत गेली, तिला अजून दोन ग्रुप घ्यायचे होते.

वर आलो ते एकदम टाऊन हॉलपाशी, उन्हात. डोळे मिटमिटवत उभं असताना आई म्हणाली, "आपलं बी असंच हाय की. गांधीनगर." मला आधी लागलंच नाही. वळिवड्याचा कॅम्प उठला त्यानंतर त्याच बराकींत फाळणीतनं आलेले सिंधी निर्वासित राहायला आले, आणि त्याचंच आजचं गांधीनगर. अख्खा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला तिथं जातो. माझ्या लग्नाचा बस्ता तिथलाच, बहिणीचाही, पार्किंगवरनं भांडणं झाल्यात तिथं माझी, पण शर्टपीस निवडताना ह्या जागेवर कधीकाळी पोलिश पोरांची शाळा भरत होती हे एकदाही डोक्यात आलेलं नाही. महावीर गार्डनमध्ये त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, तिथं मी रोज सकाळी चालायला जायचो एकेकाळी, पाय स्ट्रेच करायला त्याच्याच बाजूच्या कट्ट्याचा वापर. वॉर्सात पण आहे म्हणे कोल्हापूरच्या नावाचं स्मारक, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं गेले तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस नुसता कल्ला होता. तिसऱ्या दिवशी परत मिसळीचे फोटो.

जेवणाचं लांबवत नाही. पिएरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या, आत बटाटा आणि पनीरसारखं काहीतरी, चव सौम्य, आईनं पर्समधनं कांदा-लसूण चटणीची डबी काढली आणि मग चव लागली. हॉटेलवाल्यानं वास घेतला, विचारलं, चाखली, पाणी प्यायला आत गेला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथेड्रल. बाहेरनं विटांचं, गॉथिक, आत गेलं की सोनं आणि चित्रं. पुढच्या भागात पंधराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, यागिएवो राजाच्या काळातली, बायझंटाईन पद्धतीची, मोठे मोठे डोळे असलेले संत. ती बघून छान वाटत असतानाच भिंतींवर अठराव्या शतकातली मोठी तैलचित्रं दिसतात, हुतात्म्यांची, आणि ती बघवत नाहीत, कुणाची मान, कुणाचे हातपाय. त्यातलं एक चित्र असं की त्यात ज्यू लोक ख्रिश्चन पोराचा बळी देताना दाखवलेत. असं काही कधी घडलेलं नाही. पण ह्याच खोट्या आरोपावरनं ह्याच गावात १६९८ मध्ये आणि पुढं १७१० नंतर ज्यू लोकांवर खटले चालले, माणसं मेली. ते चित्र काही वर्षं पडद्यामागं झाकून ठेवलेलं, मग २०१४ मध्ये पडदा काढला आणि शेजारी पाटी लावली, की चित्रात दाखवलंय ते खरं नाही. भाच्यानं ती पाटी हळू आवाजात वाचून दाखवली. झाकून ठेवण्यापेक्षा हे बरं असं मला वाटतं, पण ती पाटी लागायला तीनशे वर्षं लागली हेही तितकंच खरं. जवळच जुनं सिनेगॉग आहे, अठराव्या शतकातलं, आता तिथं सरकारी दप्तरखाना आहे. युद्धाआधी गावात ज्यूंची वस्ती मोठी होती, १९४२ मध्ये नाझींनी त्यांना गाडीत भरून बेल्झेकच्या मृत्युछावणीत नेलं. दप्तरखान्यापुढं आई बराच वेळ उभी होती. काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

किल्ला बघून माझी निराशा झाली, स्पष्टच सांगतो. पन्हाळा, विशाळगड बघितलेल्या माणसानं किल्ला म्हणून जाऊ नये, एक मोठा वाडा आहे तो. पण दोष त्यांचा नाही, १६५६ मध्ये स्वीडिश सैन्यानं जाताना सुरुंग लावून उडवला, एक बाजू तेवढी राहिली. आणि त्या राहिलेल्या बाजूचा पुढं अनेक वर्षं उपयोग काय केला तर जेल! बिंदू चौकातला बुरूज आणि सबजेल आठवून मला हसायलाच आलं. तटबंदी दिसली की त्यात कैदी ठेवायचे ही कल्पना सगळ्या सरकारांना सुचते वाटतं. आता म्युझियम आहे. तिथल्या दुकानात पट्ट्यापट्ट्यांचा एक राखाडी दगड मिळतो, गारगोटीतलाच प्रकार, ह्या भागातली खासियत, अंगठ्या, कानातलं करतात त्याचं. आईनं गुजरीच्या (आपली कोल्हापूरची सराफ गल्ली) पद्धतीनं भाव करायला सुरुवात केली, अंगठी खाली ठेवली, दोन पावलं दारापर्यंत गेली, मागं वळून बघितलं. दुकानातली पोरगी मोबाईल बघत होती. पूर्ण किंमत दिली.

तटबंदीत एक फटीसारखा चिंचोळा दरवाजा आहे, त्याला 'सुईचं नेढं' म्हणतात, त्यातनं मी आडवा होऊन गेलो (तांबडा-पांढरा कमी करायला पाहिजे). राणी याद्विगाच्या नावाची घळ आहे, दोन्ही बाजूंनी त्याच पिवळ्या मातीच्या उंच भिंती आणि बाहेर लोंबणारी झाडांची मुळं, ती खरंच सुंदर आहे, पण फोटोत काही येत नाही.

राहायला होतो तिथली मालकीण साठीची, मोडकं इंग्रजी, बोलकी. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो आणि तिनं नदीकडं हात करून सांगितलं, मे २०१० मध्ये बांध फुटला आणि पलीकडचा सगळा भाग पाण्यात गेला. इकडचं जुनं गाव टेकडीवर म्हणून वाचलं. इतका वेळ गुडघे चोळत बसलेली आई एकदम पुढं सरकली. "किती फूट होतं विचार." भाच्यानं विचारलं. ती मीटरमध्ये सांगायला लागली. आईला मीटर नको होते. आईनं तिला पंचगंगेवरचा राजाराम बंधारा समजावून सांगितला, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, २०१९ ला ५५ च्या वर गेलेलं, मावशीच्या घरात माळ्यापर्यंत पाणी, आणि म्हैस गच्चीवर कशी चढवली तेही. भाचा भाषांतर करून करून दमला. म्हैस गच्चीवर चढवायचं पोलिशमध्ये कसं म्हणतात ह्यावर तो अडला तेव्हा आईनं हातानं करून दाखवलं. त्या बाईला ते बरोबर कळलं. तिनं आत जाऊन अजून चहा आणला.

आणि मग अंडी. परतायच्या आदल्या दुपारी, चौकातनं खाली उतरणाऱ्या रस्त्याला एक म्हातारी बसलेली, पुढं सफरचंदं, बडीशेपेच्या पाल्यासारख्या पाल्याच्या जुड्या, आणि बुट्टीत अंडी. आई थांबली. भाचा पुढं होऊन बोलणार तेवढ्यात आईनं त्याला हातानं मागं सारलं, पदर सारखा केला, बोट दाखवलं आणि म्हणाली, "यायका."

मी मोबाईल काढून व्हिडिओच्या तयारीत. मला वाटलं आता काहीतरी होणार, म्हातारी चकित होणार, विचारणार की बाई तुला हे कुठनं येतं, मग भाचा वळिवडं सांगणार, वगैरे. म्हातारीनं आईकडं बघितलंसुद्धा नाही नीट. पिशवी झटकत विचारलं, "इले?"

म्हणजे किती. अंड्यांना अंडी म्हणलं तर त्यात कुणी चकित कशाला होईल.

आकडे आज्जीनं शिकवले नव्हते. आईनं दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली, म्हातारीनं दहा मोजली, वर एक जुडी फुकट घातली. तिघांना दहा अंडी, आणि सकाळी सातची बस. रात्री आईनं सगळी उकडली, पेपरात गुंडाळली, आणि क्राकोवपर्यंत तीन तास आमच्या सीटच्या आजूबाजूला कुणी बसलं नाही.